खाऱ्या पाण्याच्या गावाले विहिरी मंजूर!

मंडळी, आज डोकंच फिरलं. आमचं गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी एवढं खारट की माझा झेंडू त्यानं जळतो. म्हणून आम्ही पावसाचं पाणी साठवायला शेततळी मागितली होती.

आज तालुक्याहून योजनेचे साहेब आले अन् म्हणाले, "तुमाले विहिरी मंजूर झाल्या."

माझ्या जाऊबाईंनी हापशीचं पाणी गिलासात भरून पुढे केलं. "पिऊन पाहा, साहेब."

एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "ताई, मी अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलाच हाय. मले मालूम हाय. पण वरून विहिरीच आल्या."

"मंग नको आमाले," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही म्हटलं, तर गावाले पाण्याची गरज नाही असं वर लिहून जाते."

आता सांगा, हो म्हणावं का नाही?