बोडीतला खांब

भावाचा फोन आला तेव्हा मी दुकानात साड्यांच्या घड्या घालत होते. गोंदियातलं आमचं दुकान एवढंसं, त्यात लग्नसराई, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. आणि आमचा भाऊ नेमका अशाच वेळी फोन करणार. मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"बाई, खांब फाटला," तो म्हणाला.

"कोनता खांब?"

"झुल्याचा वो. बोडीतला."

मी तिथेच साड्यांच्या ढिगावर बसले. समोरची बाई मोरपंखी दाखवा, मोरपंखी दाखवा म्हणत होती आणि मला मोरपंखी रंग कोणता तेच आठवेना.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. लेकी माहेरी येतात, जिलेब्या तळल्या जातात, रात्री दंडार होते, म्हणजे नाचगाण्याचं नाटक. आमच्या गावची मंडई तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी भरते आणि तिथे आमच्या घराचा घोड्यांचा झुला लागायचा. मधोमध लाकडी खांब, त्याच्या डोक्यावर आडव्या दांड्यांचं चाक, चाकाला टांगलेले लाकडी घोडे. वीज नाही, इंजिन नाही. माणसाने घोड्याच्या शेपटीला हात घालून पळायचं, की झुला फिरतो. आजोबांनी तो बनवला होता. खांबाचं लाकूड बीजा नावाच्या झाडाचं, ते त्यांनी चिचगडच्या जंगलातून बैलगाडीवर आणलं होतं म्हणे. धान कापायला यायच्या आत आजोबा आणि नंतर बाबा झुला घेऊन कामठ्यापर्यंतच्या मंडया करायचे. पोट शेतीवर होतं, झुल्यावर फक्त जीव होता.

माझा घोडा कान तुटलेला होता. दुसऱ्या पोरी रंगीत घोड्यासाठी भांडायच्या, मी मुकाट्याने त्या कानतुट्यावर जाऊन बसायची, कारण तो बाहेरच्या अंगाला होता आणि त्याच्यावरून पाणी दिसायचं. तलावाचं पाणी, जिलेबीची कढई, शाळेची भिंत, पुन्हा पाणी. झुला वेगात आला की कढई आणि भिंत एकमेकांत मिसळून जायच्या, पाणी मात्र दर वेळी वेगळं दिसायचं. उतरल्यावर पाय जमिनीला लागायचे नाहीत. तरी मी परत रांगेत. आता मंडईत वीज खाणारे मोठमोठे झुले येतात, जनरेटर धडधडतो, डीजे कान फोडतो. माझी पोरं त्यात बसतात आणि बसल्याबसल्या मोबाईलवर स्वतःचेच फोटो काढतात. मला राग येतो, पण राग कोणावर काढायचा?

आमच्या झुल्याला आवाज होता. लाकडावर लाकूड फिरायचं, त्यामुळे आधी बारीक कुईऽऽ आणि मग खालून कर्रर्र. पाळीपलीकडे शेतात असलेल्या माणसालाही कळायचं की झुला लागला. आवाज फार वाढला की बाबा ओरडायचे, "तेल लावा गा, पोरगं रडून राहिलं!" ते झुल्यालाच पोरगं म्हणायचे. मग झुला थांबवून वर चढायचं, एरंडीचं तेल सोडायचं, आणि ढकलणाऱ्याने तेवढ्यात खाली बसून दम घ्यायचा. दम लागला असं कोणी तोंडाने म्हणायचं नाही. तेल लावायचं निमित्त करायचं.

आता खांब बोडीत कसा, ते सांगते. बोडी म्हणजे आमच्या बांधीच्या, धानाच्या शेताच्या डोक्यावरचं छोटं तळं. इकडे बांबू पाण्यात बुडवून ठेवतात, लाकूड पोखरणारा घुण लागत नाही म्हणून. आजोबांनी तेच खांबाला लावलं. मंडया संपल्या की घोडे माळ्यावर जायचे आणि खांब बोडीच्या तळाशी. उन्हाळा-पावसाळा पाण्यात राहायचा, दसरा झाला की बाहेर काढून सावलीत सुकवायचा. अर्ध्या ओल्या, अर्ध्या सुक्या लाकडाला उन्हाने चीर जाते, म्हणून बोडी कधी पुरती आटू द्यायची नाही, एवढाच नियम.

त्या वर्षीही खांब बुडवला आणि आठ-पंधरा दिवसांत बाबांना लकवा मारला. डावी बाजू गेली. डोळे तर आधीच साखरेच्या आजाराने नेले होते. भावाच्या गोंदियाला आणि नागपूरला फेऱ्या सुरू झाल्या. इकडे उन्हाळी धान बांधीत उभं आणि पाणी नाही. लोंबीत दाणा भरायची वेळ. भावाने बोडीत मोटर टाकली आणि असेल नसेल तेवढं पाणी धानाला दिलं. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. मग बाबांना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं आणि तो परत आला तेव्हा बोडीत नुसता चिखल आणि चिखलातून अर्धा वर आलेला खांब. वरच्या टोकापासून मधापर्यंत फाटलेला, आत तळहात जाईल एवढा.

"मले यादच नाही राहिली वो," भाऊ फोनवर म्हणत होता. "मले यादच नाही राहिली."

घरात आजारी माणूस, अंगावर शेती, मदतीला कोणी नाही. मी तर दुकानात साड्या दाखवत बसलेली. मला त्याच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येत नव्हतं, त्याचाच जास्त त्रास झाला.

बाबा ओसरीत खाटेवर पडून असायचे. जीभ जड झाली होती, पण आम्हाला त्यांचं बोलणं कळायचं. गोळी दिली की म्हणायचे, मंडई होऊ दे, मग पाहू. डॉक्टरकडे चला म्हटलं की मंडई होऊ दे. जेवण दोन घासांवर आलं होतं. एका झुल्याच्या आवाजापर्यंत त्यांनी स्वतःला कसंबसं ताणून धरलं होतं आणि तो आवाज ज्या लाकडात होता, ते फाटून गोठ्यात पडलं होतं. कळलं तर हा माणूस हात सोडून देईल, याची मला खात्री होती. आणि भाऊ जन्मभर स्वतःला खात राहील. रात्रंदिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आम्ही काय काय नाही केलं! लोहाराकडून लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या. पहिल्याच फेऱ्यात वरचा खुंटा निखळला आणि चाक एका अंगावर आलं. नशीब की वर कोणी बसलं नव्हतं. पट्ट्या काढून टाकल्या. लाकूड कापणाऱ्या आरामशीनवाल्याने आम्हाला वेड्यात काढलं. एवढ्या घेराचा बीजा आता दाखवून द्या, म्हणाला, मीच विकत घेतो. चिचगडकडे आमचे सोयरे आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, उभं झाड तोडायची बात फोनवर करू नका बाप्पा, आणि फोन ठेवून दिला. मी गिऱ्हाइकांना विचारायला लागले, तुमच्या गावात कोणाकडे जुना खांब आहे का. साडी घ्यायला आलेल्या बाया माझ्या तोंडाकडे बघायच्या.

दसऱ्याला मी माहेरी गेले. पाया पडले तर बाबांनी माझा हात धरला.

"खांब काढला का वो बाई?"

"काढला," मी म्हटलं. एवढं धडधडीत खोटं माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मीच दचकले.

"मले हात लावू दे."

भाऊ दारात उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण नाही कसं म्हणणार? आम्ही दोघांनी खांब गोठ्यातून ओढत आणला आणि चीर खाली येईल असा खाटेला लावून ठेवला. भावाने बाबांचा उजवा हात उचलून धड बाजूवर ठेवला. बाबा लाकूड चाचपत राहिले. नाकाशी हात नेऊन वास घेतला. परत चाचपलं. बोटं सरकत सरकत कडेपर्यंत आली, आणखी थोडी सरकली असती तर चिरेत गेली असती. मी पदर तोंडात धरून उभी होते. बोटं तिथेच थांबली.

"सुकला चांगला," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शेवटी भावाने बोअरवेलचा लोखंडी पाईप आणला. वेल्डिंगवाल्याने त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचं जुनं बेअरिंग बसवून दिलं, त्यावर आमचं चाक चढवलं, घोडे टांगले. मंडईच्या आधी आम्ही तो फिरवून पाहिला. काय फिरला! एका बोटाने ढकला, फिरतच राहतो. भावाला हसू आलं, कितीतरी महिन्यांनी. आणि मग आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. झुला मुका होता.

"मंडईत कोनाले आयकू येते?" भाऊ म्हणाला. "डीजे असते, पोरं चिल्लावतात."

मीही मान हलवली. बुडणारा माणूस कशालाही धरतो, तसं आम्ही डीजेला धरलं.

मंडईच्या दिवशी दुपारी बाबांना खुर्चीवर बसवून चौघांनी पाळीखाली आणलं. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. मी त्यांच्या खुर्चीजवळ उभी राहिले. आमच्या घरची रीत अशी की पहिला फेरा रिकामा सोडायचा, तो गावदेवाचा. पोरं रांगेत उभी होती, भावाने नारळ फोडला आणि कानतुट्या घोड्याच्या शेपटीला हात घालून पळायला लागला. आणि तेव्हाच तो मेला डीजे बंद पडला. डिझेल संपलं की काय कोण जाणे. वर्षभर नको नको म्हटलं तरी वाजतो, त्या एका घडीला बंद.

झुला फिरत होता. रिकामे घोडे पाण्यावरून, जिलेबीच्या कढईवरून, शाळेच्या भिंतीवरून जात होते. भावाच्या पायांचा धप धप आवाज, बाकी काही नाही.

"काऊन सुरू नाही करून राहिले?" बाबांनी विचारलं.

"सुरू आहे बाबा. पहिला फेरा आहे."

ते कान देऊन बसले. मान थोडी वाकडी केली. मी देवाला म्हटलं, काहीतरी वाजू दे रे, काहीही. भावाने घाईघाईने पोरं बसवली. पोरं ओरडायला लागली, हसायला लागली. बाबांचा चेहरा तसाच.

"पोरं बसली," ते म्हणाले, "अन् झुला काऊन नाही फिरून राहिला?"

मला रडू फुटलं. आवाज येऊ नये म्हणून मी ओठ चावले. हे एवढं सगळं करून, एवढं खोटं बोलून, त्या माणसासमोर त्याचा झुला फिरत होता आणि त्याच्यासाठी तो थांबलेलाच होता. भाऊ पळत पळत आमच्या समोरून गेला तेव्हा त्याने माझं तोंड पाहिलं. बाबांचं बोलणंही त्याने ऐकलं असावं.

पुढच्या फेऱ्याला आवाज आला. कुईऽऽ. मी वर बेअरिंगकडे पाहिलं. मग खालून कर्रर्र. भाऊ आमच्या समोर आला तेव्हा मला दिसलं, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि तोंड उघडं होतं. तो स्वतःच ओरडत होता. लहानपणी आम्ही दोघं अंगणात झुला झुला खेळायचो, तेव्हा तो असाच आवाज काढायचा. आता केस पिकलेला, दोन लेकरांचा बाप, सगळ्या गावासमोर झुला ढकलत पळत होता आणि गळा फाडून झुल्याचं रडणं रडत होता. रांगेतली पोरं खिदळली. जिलेबीवाला झारा हातात धरून बघत राहिला. कोणीतरी म्हणालं, पागल झाला का गा हा? भावाने कोणाकडेच पाहिलं नाही. कुईऽऽ, कर्रर्र. समोरून जाताना मोठा, पाण्याच्या अंगाला गेला की बारीक.

बाबांची मान सरळ झाली. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर फिरायला लागली. तोंडाची एक बाजू हलली, ते हसत होते.

भाऊ थांबेना. थांबला की बाबांसाठी झुला थांबणार, हे त्याला कळलं होतं. त्याचा सदरा अंगाला चिकटला, पाय अडखळायला लागले, आवाज फाटला. कुई म्हणताना मधेच खोकला यायचा, तो गिळून तो पुन्हा ओरडायचा. मी मनात म्हणत होते, बस कर रे, मरशील. आणि मीच मनात म्हणत होते, थांबू नको.

बाबांनी हात वर केला. आवाज काढला तो जुना, मंडईभर जाणारा नव्हता, माझ्यापुरताच होता.

"तेल लाव म्हना त्याले, बाई," ते म्हणाले. "माया पोराले दम लागून राहिला."