युनिस काकूंच्या दुनळीचे सोळा इंच

डेलमार काकांनी एकतीस वर्षं काउंटीचा ग्रेडर चालवला. म्हणजे ते मोठ्या पात्याचं यंत्र, खडीचे रस्ते सपाट करणारं. उन्हाळ्यात खडी, हिवाळ्यात बर्फ, आणि केबिनमध्ये दिवसभर एकटे. समोरून कुणी आलं की स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं, झाला नमस्कार. माझी आई म्हणते, या माणसाने अख्ख्या काउंटीला बोट उचलून दाखवलंय पण बोललाय फक्त चौघांशी.

त्या चौघांतल्या एक युनिस काकू. त्या जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी एकच, कॉरिन, ती कॅलिफोर्नियात. काका आमचे शेजारी, म्हणजे चार मैलांवर. फाटकावर पत्रपेटी आहे तरी पत्रं पोस्टातच ठेवायला सांगितलीयेत, म्हणजे सकाळी दहाला तिथे जाता येतं. तिथेही बोलत वगैरे नाहीत. उभे राहतात फक्त.

काकूंची एक दुनळी बंदूक होती. जुनी, हलकी, माळावरच्या रानकोंबड्या मारायला. दोघं चाळीस वर्षं शिकारीला बरोबर जायचे. आमच्याकडे तारेचं कुंपण ओलांडताना एक पद्धत असते, एकाने दोन्ही बंदुका धरायच्या, दुसऱ्याने तारेतून पलीकडे जायचं, मग बंदुका हातात द्यायच्या आणि पहिल्याने यायचं. यात विचार करायचं काही नसतंच, हात आपोआप पुढे होतो.

गेल्या ऑक्टोबरात काका काकूंची बंदूक घेऊन एकटेच गेले. ओला बर्फ पडला होता. कुंपण आलं. धरणारं कुणी नाही, म्हणून काडतुसं काढली, बंदूक तारेखालून सरकवली आणि मागून वाकून गेले. काडतुसं परत भरली. नळीत बघितलंच नाही. समोरून कोंबडी उडाली आणि त्यांनी घोडा ओढला.

नळीच्या तोंडात बर्फ गच्च बसला होता. उजवी नळी फाटली. सालपट निघावं तशी. नशीब की हात वाचला, फक्त दोन दिवस कान वाजत होता.

ओडेल म्हणून आमच्या गावात बंदुका दुरुस्त करणारा आहे, काकांच्या शाळेतला. त्याने नळी उजेडात धरली आणि म्हणाला, "अरे म्हाताऱ्या, बंदूक फोडलीस का केळं सोललंस?"

"कापून दे ना. फाटलेलं तेवढं काढ."

"तडा दहा इंच खाली गेलाय. कापली तर सोळा इंच उरतात. अठराच्या खाली कायद्याला चालत नाही."

"आणि चालवायचं असेल तर?"

"तर आधी सरकारला अर्ज. फोटो. बोटांचे ठसे. परवानगी आली की मगच करवत लावायची, आणि नळीवर तुझं नाव-गाव कोरायचं. राज्याबाहेर न्यायची तर दर वेळी आधी विचारायचं. दुसऱ्या कुणाकडे ठेवायची नाही. तुझी म्हणजे तुझी." ओडेलने बंदूक खाली ठेवली. "तिकडे रॅकमध्ये नवी आहे. हलकी आहे. आज संध्याकाळीच घेऊन जा, कशाला डोक्याला ताप."

"ती युनिसची नाही."

"ते मलाही दिसतंय, गाढवा. तू मेल्यावर हिचं काय, ते सांग. कॉरिन राहते तिथे असली तोकडी बंदूक घरात सापडली तर तुरुंग."

म्हणजे असं होतं. कापली नाही तर बंदूक कधीच उडणार नाही, पण साधी बंदूक राहील, कॉरिनला देता येईल, भिंतीवर लावेल. कापली तर काकांना परत माळावर नेता येईल, पण मग ती त्यांच्याबरोबरच संपली. काका दोन आठवडे हेच घोळवत बसले. ओडेलच्या दुकानात रोज जायचे, बंदूक बघायचे, परत यायचे. ओडेल वैतागून म्हणाला, घटस्फोट घेणाऱ्यांनाही एवढा वेळ लागत नाही.

शेवटी ते आमच्याकडे आले, कारण त्यांच्या घरी फोनला रेंज नसते. मी दोन महिन्यांच्या सुट्टीला घरी आले होते. आईने बीफचा रस्सा वाढला, तो तसाच ठेवून त्यांनी कॉरिनला फोन लावला. स्पीकरवर. त्यांना स्पीकर बंद करता येत नाही आणि आम्ही उठून जायला हवं होतं, पण नाही गेलो.

"बाबा? बरं आहे ना सगळं?"

"आईची बंदूक आहे. तुला हवी का?"

"बंदूक?"

"उडत नाही ती. नुसती ठेवायला."

तिकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "बाबा, खरं सांगू का, इथे दोन खोल्या आहेत. पोरं आहेत. मी कुठे ठेवू? आणि मला तर... मला कधी आवडलंच नाही ना ते. तुमचं तुम्ही दोघंच जायचात."

"हो."

"रागावलात का?"

"नाही गं. विचारलं फक्त."

"रविवारी फोन करते हं."

काकांनी फोन पालथा ठेवला आणि रस्सा खाल्ला, सगळा, गार झालेला. आई म्हणाली आणखी देऊ का, तर म्हणाले नको, कोंबड्या कोंडायच्यात. दुपारचे दोन वाजले होते.

मला इतका राग आला. कुणाचा ते मला अजून कळलं नाहीये. कॉरिन काही वाईट बोलली नाही ना!

दुसऱ्या आठवड्यात मला गाडीची नोंदणी करायला कोर्टाच्या इमारतीत जायचं होतं. शेरिफची कचेरी तिथेच, काकाही आले माझ्याबरोबर. अर्ज खिशात होता, सही केलेली नव्हती. म्हणाले, "ठसे देऊन बघतो. मग ठरवतो."

ठसे घ्यायला ट्रिना होती, शेरिफची डेप्युटी, धिप्पाड आणि भयंकर बडबडी. "दोन कार्डं लागतात, प्रत्येकावर दहा बोटं. चला, हात द्या." तिने पहिलं बोट शाईत फिरवून कार्डावर टेकवलं आणि बघतच राहिली. नुसता काळा डाग. "काका, ही बोटं आहेत का काउंटीचा रस्ता? सगळं सपाट!"

"मीच केलाय सपाट," काका म्हणाले.

ट्रिना एवढ्या जोरात हसली की बाहेरच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. तिने शाई पुसली, ड्रॉवरमधून क्रीम काढलं, आणि एकेक बोट हातात घेऊन चोळायला लागली. सावकाश. याने रेषा वर येतात म्हणाली. काका ताठ उभे.

"हात सैल सोडा. तुम्ही ढकलू नका, मी फिरवते."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. काठी आहे ही. सोडा."

सोडला त्यांनी. मला दिसलं, खांदाच खाली आला. ट्रिना अंगठ्यापासून सुरू झाली आणि सहज म्हणाली, बंदूक कुणाची? आणि काका बोलायला लागले. कुंपणाचं, बर्फाचं, काकू कशा नेहमी आधी तार ओलांडायच्या आणि मागे न बघता हात पुढे करायच्या. वीस ठसे होईपर्यंत बोलले. मी आयुष्यात त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं, मी दारातच उभी, हातात गाडीचे कागद.

कार्डं वाळत ठेवली. काकांनी खिशातून अर्ज काढला, ट्रिनाचंच पेन घेतलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. चार बोटं वाचता येत नाहीत, पुन्हा ठसे द्या. ओडेल मला फोनवर म्हणाला, "सांग त्याला, नवी घे म्हणावं. या वयात कुठे खेटे घालत बसतोस!"

मी सांगितलं. काका पोस्टाच्या पायरीवर पत्र हातात धरून उभे होते. घडी घातली, खिशात ठेवलं.

"मंगळवारी जातो," म्हणाले. "ट्रिना म्हणाली होती, येण्याआधी दोन दिवस हाताला क्रीम लावा. कुठलं ते विचारायचंच राहिलं."