बाईंच्या पट्टीत

गाणं शिकायला मी सावनेरहून नागपूरला येऊ लागले तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील कोळशाच्या खाणीत होते. मनीषनगरला गाणं शिकवणाऱ्या बाईंनी एकदाच माझं गाणं ऐकलं आणि मला ठेवून घेतलं. दुपारचं जेवणही त्यांच्याच घरी व्हायचं. ते ऋण फिटणारं नाही.

बाई पूर्वी संगीत नाटकांत गायच्या, पुढे मैफली केल्या. आवाज उंच, पेटीच्या काळी पाच पट्टीचा. त्यांच्याकडे सगळ्या मुली त्याच पट्टीत गायच्या. वेगळी पट्टी मागणं म्हणजे गुरूच्या गाण्यात खोट काढणं, असं आम्ही मानायचो. बाईंनी तसं कधी म्हटलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. माझा आवाज मुळात खालचा. वरचा षड्ज लावताना मानेच्या शिरा ताणल्या जायच्या. मला वाटायचं, मेहनत कमी पडते.

घरी मी रियाज करताना आई चुलीपाशी बसून हसायची. "गाऊन राहिली का भांडून राहिली वं?"

काही वर्षांनी ती हसेनाशी झाली. "तुहा आवाज चिरून राहिला. बाईले सांगत काहून नाही?"

"काय सांगू?" मी तिच्यावर चिडायचे.

बारा वर्षं अशी गेली. भावगीतांचे कार्यक्रम झाले, लहान मैफली झाल्या. मग पूर्ण संध्याकाळ माझ्या एकटीची, अशी पहिली मैफल ठरली. तिच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी असल्याचं सांगितलं. तीन महिने गायचं नाही म्हणाले. मी घरी कोणाला बोलले नाही, फक्त माझ्या साथीच्या पेटीवाल्या काकांना सांगितलं.

मैफलीच्या आधी ते विंगेत म्हणाले, "ताई, दोन-तीन सूर खाली घेऊन टाकू. कोणाले कळत नाही."

"बाई पहिल्या रांगेत आहेत."

"त्या बसल्या म्हणून तुम्ही मरता काय?"

मी काळी पाचच ठेवली.

ख्याल कसाबसा निभावला. मध्यंतरानंतर बाईंनीच शिकवलेलं नाट्यपद घेतलं. वरच्या षड्जावर तोंड उघडलं तर नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. लोकांनी मला धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी अजून विसरलेले नाही. बाईंनी मान खाली घातली होती.

शस्त्रक्रिया झाली. बोलण्यापुरता आवाज परतला. चार महिन्यांनी बाईंनी बोलावलं.

"पेटीवाल्यांनी सांगितलं मला. का नाही बोललीस गं?"

"तुमचा मान..."

"माझा मान तुझ्या गळ्यात ठेवायला कोणी सांगितलं होतं?" बाई इतक्या मोठ्याने बोलल्या की आत कामवाली थबकली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मीही विचारायला हवं होतं," म्हणाल्या आणि त्यांनी तंबोरा जवळ ओढून तारा सैल केल्या. "सांग, कुठे लावू?"

मला सांगता येईना. बारा वर्षांत मी माझा सूर कधी शोधलाच नव्हता. अंदाजाने एक षड्ज धरला. घोगरा निघाला आणि मधेच तुटला. बाईंनी तार तिथवर आणली, वाट पाहिली. मी पुन्हा लावला, पुन्हा तुटला.

तिसऱ्यांदा श्वास घेतला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "राहू दे," म्हणाल्या.