सामायिकातून न उठणारे वामनराव

श्री. वामनराव देवरे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्याविषयी मी लिहावे असा गौरव समितीचा आग्रह आहे. खरे सांगायचे तर लिहायला बसलो तेव्हाच मी दमलेला होतो. मी सांभाळतो त्या सांडपाणी केंद्रावरचा एक पंप सकाळपासून कुरकुरतो आहे आणि गाळ न्यायला येणारा ट्रक आजही आलेला नाही. तरी लिहितो आहे. वामनरावही दमलेलेच असतात, आणि तरी रोज वेळेवर येतात.

त्यांची माझी पहिली भेट उधन्याच्या खाडीवरच्या पुलावर झाली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी अमळनेरहून नोकरीसाठी सुरतेला आलो होतो. वामनराव तेव्हा एका रंगाई-छपाईच्या कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख होते. मुलाखतीला त्यांनी मला कचेरीत न बोलावता पुलावर बोलावले आणि खाली बोट दाखवून विचारले, "हे काय आहे?"

"पाणी," मी म्हणालो.

"नीट बघा. आज मेंदी कलर आहे. काल राणी होता. लग्नसराई आली की लाल वाढतो."

आमच्या वस्तीतल्या बायका खाडीकडे बघून सांगायच्या, की बाजारात आता कुठल्या रंगाची साडी येणार. आम्ही या गोष्टीवर हसायचो. हसत नसत त्या एकट्या वामनरावांच्या पत्नी, आमच्या सुमनवहिनी. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते आणि दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर विसर्जनाला न्यायचे असते. गावी नदी दाराशी होती, इथे दाराशी ही खाडी. "या पानीमा मनी कानबाईले कशी सोडू?" असे म्हणून वहिनी सगळ्या बायकांना घेऊन खाडी ओलांडायच्या आणि पार तापीपर्यंत चालत जायच्या. वामनरावांनी त्यांना शब्द दिला होता, की एक दिवस आपली कानबाई याच खाडीत सोडू. नवऱ्याने बायकोला दिलेले असले शब्द सहसा हवेत विरतात. हा विरला नाही, आणि आम्हा सगळ्यांच्या मागे कायमचे काम लागले.

आमच्या गल्लीतले कारखाने लहान. पाणी शुद्ध करायची यंत्रणा प्रत्येकाने आपापली उभारायची म्हटले तर तेवढी जागाच कुणाकडे नव्हती. म्हणून सगळ्यांचे सांडपाणी एका नळाने एका ठिकाणी न्यावे, तिथे ते साफ करावे आणि मगच खाडीत सोडावे, एवढी साधी गोष्ट वामनराव दारोदार सांगत फिरले. प्रत्येक जण चहा पाजायचा आणि म्हणायचा, आधी शेजारच्याला विचारा. शहरात प्लेगची ती साथ येऊन गेल्यावर मात्र गटार हा शब्द उच्चारला तरी लोक ऐकून घेऊ लागले. वामनरावांनी लगेच सभा बोलावली.

सभेची सूचना त्यांनी स्वतः गुजरातीत लिहिली. त्यांची गुजराती उत्तम, पण डोके अमळनेरचे. सूचनेत त्यांनी लिहिले, की रविवारी सकाळी 'सामायिक'साठी सर्वांनी यावे. मराठीत सामायिक म्हणजे सगळ्यांचे मिळून, एवढेच त्यांच्या मनात होते. गुजराती जैनांच्या घरात सामायिक म्हणजे ठरलेला वेळ आसनावर बसून, या वेळात कुठल्याही जीवाला दुखवणार नाही अशा निश्चयाने केलेली उपासना, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

रविवारी फार थोडे मालक आले. त्यांत गल्लीतले सर्वांत वयस्कर कारखानदार कांतिशेठ होते. ते अंघोळ करून, पांढरीशुभ्र वस्त्रे नेसून, काखेत आसन घेऊन आले आणि खुर्च्या ओलांडून सरळ जमिनीवर आसन पसरून बसले. फळ्यावर गटारांचा नकाशा काढून वामनराव बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांना काय घोटाळा झाला ते दिसले. त्यांचा चेहरा पार उतरला.

"शेठ, भूल थई गई," त्यांनी हात जोडले. "आ तो गटरनुं सामायिक छे."

कुणीतरी खुसखुसले. शेठांनी डोळे मिटले. आता हे रागावून उठणार असे मला वाटले. पण ते डोळे न उघडताच म्हणाले, "बेठो छुं तो बेठो छुं. सामायिकमांथी अधवच्चे उठाय नहीं. बोलो, वामनभाई."

आता बसलोच आहे तर बसलो आहे, सामायिकातून मधेच उठता येत नाही. शेठांनी सगळे शेवटपर्यंत ऐकले आणि नळाला पहिला जोड त्यांच्याच कारखान्याचा लागला. त्यांच्या मागून बाकीचे कुरकुरत आले. तेव्हापासून केंद्राला केंद्र कुणी म्हणत नाही. ट्रकवाल्यापासून मालकापर्यंत सगळे एकच विचारतात, "सामायिक चालू छे के बंद?"

पुढची वर्षे कंटाळवाणी होती, आणि गौरवग्रंथात हे लिहायला मला संकोच वाटत नाही. नळात सुताच्या गुंतवळीचे बोळे अडकायचे. पाऊस आला की कुणीतरी गुपचूप आपले पाणी थेट खाडीत सोडून मोकळा व्हायचा. गाळ कुणालाच आपल्या बाजूला नको असायचा. दर बैठकीत एक ना एक सभासद बाहेर पडायची भाषा करायचा आणि वामनराव आपल्या खानदेशी वळणाच्या गुजरातीत शेठांचे वाक्य त्याला ऐकवायचे. ते ऐकून ऐकून माझे कान किटले.

एकदा पंपाच्या विहिरीत चिंध्या अडकल्या. खाली विषारी वायू साचलेला होता. मालकांचे फोनवर फोन येत होते, की कुणालातरी उतरवा आणि मोकळे करा. वामनराव विहिरीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. "पाणी थांबेल. माणूस आत जाणार नाही," एवढेच ते प्रत्येकाला सांगत राहिले. कारखाने बंद राहिले, शिव्या त्यांनी खाल्ल्या, आणि बाहेरून यंत्र आल्यावरच ते खुर्चीवरून उठले. मला कावीळ झाली तेव्हा वहिनींच्या हातचा बिनतेलाचा डबा घेऊन तेच रोज माझ्या खोलीवर यायचे, आणि मी जेवेपर्यंत पंपाविषयी एक अक्षर काढायचे नाहीत. या माणसावर माझा फार जीव आहे, आणि त्याचे कारण बरेचसे तो डबा आहे.

यंदा उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "साठी झाली की गावी जातो. आता होत नाही." कुणाला थांब म्हणावे, एवढी ताकद माझ्यातही उरली नव्हती.

मग श्रावण आला. कानबाई डोक्यावर घेऊन निघालेल्या वहिनी यंदा पुलावर थांबल्या. खाली पाणी राखाडी होते, पण त्यात कुठल्याच साडीचा रंग नव्हता. वाजंत्री थांबली. "आते सोडू का?" वहिनींनी विचारले.

वामनरावांनी हो म्हटले असते तर कुणी हरकत घेतली नसती. शब्द पाळला गेला असता, आणि गावी जायला ते मोकळे झाले असते. ते कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिले.

"आजून नही," ते म्हणाले. "पुढला साल देखसूत."

वहिनींनी मान हलवली आणि त्या तापीच्या रस्त्याला लागल्या. वामनराव त्यांच्या मागून चालू लागले.

वामनराव, या ग्रंथात तुम्हाला दीर्घायुष्य आणि आरोग्य सगळेच चिंततील. माझ्या चिंतण्यात स्वार्थ आहे, तो लपवत नाही. पुढच्या वर्षी बघू असे तुम्ही सगळ्यांसमक्ष बोलून बसला आहात. तेव्हा गुडघ्यांना तेल लावा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, अमळनेरच्या घराला कुलूप राहू द्या, आणि आसन गुंडाळू नका. सामायिकातून मधेच उठता येत नाही. वहिनींची कानबाई पुढच्या श्रावणात पुन्हा पुलावर थांबणार आहे.