सेटचा खोका

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे क्रियापदकाका म्हणत. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि इथे येऊन चिकटले. तीन वर्षं ‘सेट’ या एकाच क्रियापदाशी, त्याच्या अर्थांच्या कार्डांनी भरलेल्या एका खोक्याशी, त्यांचा संसार चालला होता. बायकोला एवढा वेळ दिला असता तर ती घाबरली असती.

शब्दाचं मूळ साधं. बसवणे. जुन्या इंग्रजीत ‘बसणे’वरूनच तो झाला. पुढे मात्र त्या बसवण्याला पाय फुटले. मोडलेलं हाड जुळवायचं, घड्याळ लावायचं, सापळा मांडायचा, सिमेंट घट्ट होणार, सूर्य मावळणार. जिथे बघावं तिथे हाच.

“सूर्य आणि सिमेंट एकाच शब्दात? टंचाई होती का हो त्यांच्याकडे शब्दांची?” असं विचारत बायको संध्याकाळी घरी आणलेली कार्डं वाचून दाखवायची. चार महिन्यांपासून काकांच्या नजरेत कडेकडेने अंधार शिरत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकेल का, बघू.”

हे कचेरीत कळलं असतं तर खोका दुसऱ्याकडे गेला असता. आधीच्या दोघांचं तेच झालं होतं. एकाचा हात थरथरू लागला, दुसऱ्याला शब्द आठवेनात. “हा खोका माणूस संपवतो, स्वतः संपत नाही,” असं चहाच्या वेळी सगळे हसत म्हणत. काकाही हसत, जरा उशिराने.

तिथली रीत ठरलेली. तपासलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याला हिरवा दोरा, शंका उरलेल्यांना काळा. शंका लिहायची ती पेन्सिलीने. काकांना आता दोन्ही दोरे सारखेच दिसत. कुठल्या खणात कुठलं रीळ, हे लक्षात ठेवून ते दोरा घेत. शुक्रवारी सकाळी झाडणाऱ्या बाईंनी खण पुसले आणि रिळांची अदलाबदल झाली.

सोमवारी छपाईवाला वर आला. “काका, दोरा हिरवा, पण कार्डावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. छापायचं?”

पेन्सिल म्हणजे शंका. गठ्ठा चुकीचा गेला होता. त्यांनी कार्ड हातात घेतलं. पांढऱ्यावर राखाडी धुकं.

समोरच्या टेबलावरून संपादकबाईंनी मान वर केली. “मोठ्याने वाचा ना, मलाही कळू दे.”

गठ्ठा परत मागवायचा, तर आधी शंका वाचून दाखवावी लागणार होती; आणि तीच काकांना दिसत नव्हती.

“जुनी शंका आहे, बाई. मिटली कधीच. पुसायची राहिली.”

“अहो, गठ्ठाभर पेन्सिल आहे की!” छपाईवाला म्हणाला.

“गठ्ठाभर पुसायची राहिली. छापा.”

बाई बघत राहिल्या. तेवढं काकांना न दिसताही कळलं. छपाईवाल्याची पावलं जिना उतरून गेली. थोड्या वेळाने खाली यंत्र सुरू झालं, टेबल बारीक थरथरू लागलं. काकांनी पुढचं कार्ड ओढलं आणि त्यावर बोट फिरवत बसले, वाचत असल्यासारखे.