समीक्षाचा बाक

सगळ्यांना जय भीम. प्रमिलाताई, गुडघा आता वळतो का? वसंतभाऊ, शुगर आटोक्यात आली का? छाया, तुझा खोकला गेला असेल अशी आशा... मी ठणठणीत आहे.

परवा अंबरपेठहून विद्यानगरला नातीच्या शाळेत गेले होते. आमची समीक्षा पाचवीत, डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. जूनपासून माझी सून वैशाली आणि शाळा यांचं भांडण चाललेलं. वैशाली म्हणायची, लेकराला कायम पुढचा बाक द्या. शाळा म्हणायची, दर सोमवारी बाक बदलतात, नियम सगळ्यांना एकच.

चिठ्ठ्या झाल्या, ईमेल झाले. वैशाली शाळा बदलायला निघाली... आणि लेकरू शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणू लागलं.

प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत पुन्हा तीच ओढाताण. तेवढ्यात वर्गशिक्षिका लक्ष्मी टीचर उठल्या. "यहाँ बैठ के क्या समझेगा? बच्चे ग्राउंड पे हैं. चलो, बिठा के देखते."

मग काय... रिकाम्या वर्गात समीक्षा पहिल्या बाकावर, आम्ही मोठी माणसं मागं विखुरलेली. मॅडम शेवटच्या बाकात कशाबशा मावल्या. मी तर जन्मात पहिल्यांदा बाकावर बसले, वाचायला शिकले ती मुलाच्या पुस्तकांवर.

टीचरनी सात नव्वे किती विचारलं. मी म्हणाले, चोपन्न. सगळे हसले, समीक्षाही हसली.

"तू कायकू हँसी, अम्मा?" टीचरनी समीक्षाला लाडानं विचारलं.

"पता नहीं. सब हँसते तो मैं भी हँसती."

वैशालीनं तोंड फिरवलं... टीचरचं बोलणं लेकराला पुढून नीट ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हती ती मागची पोरं. आमचं आपलं दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला.

मग टीचरनी तिला एकेका बाकावर बसवून पाहिलं. तिसऱ्या रांगेत, डाव्या भिंतीला लागून बसवलं... बहिरा कान भिंतीकडं, चांगला कान वर्गाकडं. मी पुन्हा चोपन्न म्हणाले.

"आज्जी, त्रेसष्ट," समीक्षा वळून म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, ही जागा वर्षभर तिची, बाकीचे बदलतील. "और दादी का भी एडमिशन कर लेते, पाँचवीं में."

काल सकाळी समीक्षाचं पोट दुखलं नाही. दप्तर घेऊन रिक्षाच्या आधी दारात उभी.

दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती, नुसती खुर्चीत बसून भांडत होती. त्या टीचरचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरात असं लेकरू असेल, तर त्याला कुठं बसलं की बरं पडतं ते विचारा, आणि मला लवकर लिहा... वाट बघतेय.