परब मास्तरांचा कोळशाचा धडा

परब मास्तर गेल्याचं मला पिंपरीत कारखान्याच्या फाटकावर कळलं, तेव्हा मी हसलो. मी सगळ्यांच्या नकला करणार, फिरक्या घेणार. वाटलं, आज हे माझी घेतायत. "न्हाई रं, खरंच गेले. पहाटं छातीत कळ आली," माझ्याबरोबर कामाला असलेला गणपा म्हणाला. तरी तोंडावरचं हसू जरा वेळ तसंच राहिलं...

मास्तर मूळ कोकणातले. चिंचवडच्या शाळेत शिकवायचे, राहायला आमच्या शेजारी. कोळशाचा धडा आला की पुस्तक मिटून ठेवायचे. ओल्या पाल्यावर चिखल, चिखलावर फळी, आणि फळीवर अख्खा वर्ग! "दाबा मेल्यांनो, जमीन व्हा! असंच रान गाडलं गेलं, युगानुयुगं दाबलं गेलं, तेव्हा कुठं कोळसा झाला." मग लोहाराकडचा दगडी कोळसा तुपाच्या डब्यात घालायचा, भोक पाडलेल्या झाकणाची कड चिखलानं लिंपायची, डबा शेगडीवर. भोकातून धूर आला की पोरांना मागं सारायचे, मग काडी लावायचे आणि भोकावर ज्योत उभी राहायची. धड्याआधी घरच्या अंगणात डबा लावून बघायचे, तेव्हा मी नि त्यांची पोर शेजारी असायचो. "बघा, त्या रानानं साठवलेलं केव्हाचं ऊन हे! नि आपण एका चहापायी जाळतो." हे नाकातलं, हेल काढलेलं बोलणं मी गावभर करून दाखवायचो. मास्तर स्वतःच फर्माईश करायचे.

तेराव्याला सगळे जमलेले. कुणीतरी म्हणालं, "कर की लेका, मास्तरांना आवडायचं." मी केलं. परब वहिनीसुद्धा डोळे पुसत हसल्या. तेवढ्यात आतून त्यांची पाच वर्षांची सुमी धावत आली, "बाबा!" तिनं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, नि परत आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं...

त्यानंतर तो आवाज काही मी काढला नाही. महिन्याभरानं हेडमास्तरांनी बोलावलं, "कोळशाचा धडा राहिलाय. तो डबा तू जवळून बघितलायस, तूच ये." गेलो. पोरं खूश. "मास्तरांसारखं बोला की!" मी माझ्याच आवाजात बोलत राहिलो, पोरं जांभया देत राहिली. सुमी धडा बघायला वहिनींचं बोट धरून दारात उभी होती, म्हणून तिकडं बघतच नव्हतो. धूर निघाल्या निघाल्या काडी लावली. विझली. दुसरी, तीपण विझली. पोरं खिदळली.

"घाई कसली करतोस रे काका?" मागून आलं. नाकातून, शेवटी हेल काढून. मी वळून बघितलं. सुमी होती. नक्कल नव्हती ती, तिचं बोलणंच तसं. "आधी पांढरा जाऊ दे. पिवळट आला की लाव."

मी काडी हातात धरून थांबलो. धूर पिवळा झाला तसं विचारलं, "आता?"

"थांब हं," ती म्हणाली, वहिनींचं बोट सोडून पुढं आली, आणि आपल्या दुप्पट उंचीच्या पोरांना एकेक करून मागं सारायला लागली.